गडग्यातले दगड

एबेनेसरच्या नाकाला बारा महिने थेंब लटकलेला असायचा. दर रविवारी तीनच्या ठोक्याला तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा, आणि कॉफीचा कप तोंडाशी नेला की तो थेंब बरोब्बर कपाच्या वर. आता पडतो की मग पडतो. शी! माझा जीव त्या थेंबात अडकलेला, आणि हा आपला वही उघडून, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून विचारतोय, "स्टेनवोर, गडग्याच्या खाली कधी बर्फ आलेलं तुला आठवतं का गं?"

"नाही रे बाबा," मी म्हणायची. "पॅनकेक घे अजून एक."

सहा वर्षं हे असंच चाललं. मला त्याची किळस येते असं मी गावभर सांगत फिरायची. बायका हसायच्या. पण खरी किळस कशाची यायची ते मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून आता सांगायला बसलेय.

एबेनेसर मूळचा आमच्या थाराविकचा नव्हे. डोंगरापलीकडच्या खाडीतला. विसाव्या वर्षी मासळीच्या हंगामाला आला, माझ्या शेजारच्या आल्दीसशी लग्न केलं आणि इथलाच झाला. ती बिचारी लवकर गेली. मुलगी शिकायला म्हणून रेक्याविकला गेली, ती तिकडेच राहिली. मग हा एकटाच, खालच्या आळीत, समुद्राला लागून भाड्याच्या दोन खोल्यांत. नोकरी बंदरावरच्या वजनकाट्यावर. होड्या लागल्या की कॉड मासा तोलायचा. आणि इतका खडूस, की टबात मासा किती आणि बर्फाचा चुरा किती हे दरवेळी वेगळं काढायला लावायचा. माझा थोरला भाऊ गेस्तुर होडीचा मालक. तो म्हणायचा, "देवानं या माणसाला काळीज द्यायचं विसरून काटाच बसवलाय." गावात कुणालाच तो आवडायचा नाही. खोटं कशाला बोलू, मलाही नाही.

मग तो हिवाळा आला. आमच्या बाजूच्या दोन गावांवर डोंगरावरून बर्फ कोसळलं आणि अंथरुणातली माणसं गेली. नावं घेत नाही, आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. त्यानंतर सरकारला जाग आली. डोंगराखालच्या प्रत्येक गावात नकाशावर रेघ मारायची ठरलं. बर्फाचा लोंढा फार फार तर इथवर येईल, याच्या खाली येणार नाही, अशी रेघ. तिच्या वरच्या घरांत हिवाळ्यात राहायचं नाही. आणि रेघ मारणाऱ्यांच्या मदतीला गावोगाव एकेक माणूस नेमला, डोंगरावर रोवलेल्या खांबांवर बर्फाची उंची वाचायला, वारा टिपायला, म्हाताऱ्यांना विचारून जुन्या गोष्टी लिहून घ्यायला. आमच्याकडे हे काम कुणालाच नको होतं. दिलं एबेनेसरच्या गळ्यात बांधून.

"मासा मोजून झाला, आता बर्फ मोजणार!" माझी मामेबहीण हाल्लबेरा म्हणाली. फिदीफिदी हसलो आम्ही.

त्यानं मात्र ते काम लग्न लागल्यासारखं मनावर घेतलं. एक पितळी नळी मिळाली होती त्याला, तिच्यातून बघितलं की कोन दिसतो. गावामागच्या घळीच्या तोंडाशी, जिथे उतार मोडून जमीन सपाट व्हायला लागते, तिथे जाऊन हा उभा राहायचा आणि नळीतून कड्याच्या माथ्याकडे बघायचा. बर्फ तिथून सुटतं. पोरं त्याच्या मागे उभी राहून त्याची नक्कल करायची.

"यावरून कळतं?" मी एकदा विचारलं होतं.

"अंदाज येतो. किती उंचावरून सुटलं आणि उतार कुठे संपला, त्यावरून किती लांब घसरत जाईल ते काढता येतं. पण नक्की नाही कळत. आपल्या घळीचं गणित म्हणतं, वरच्या गडग्यापाशीही थांबेल, आणि समुद्राच्या रस्त्यापर्यंतही येईल. म्हणून तर दारोदार फिरतोय. बर्फ वितळतं गं, माग राहत नाही. पाहिलेला माणूस राहतो."

डोंगराच्या पायथ्याची नुसते दगड रचून केलेली भिंत, तो गडगा, आणि समुद्राचा रस्ता यांच्या मध्ये आमची वरची आळी. नऊ घरं. त्यातलं तिसरं माझ्या लेकीचं, सैउनचं. नवरा ट्रॉलरवर, महिना महिना बाहेर. पदरात दोन लहान मुलं.

एबेनेसरच्या वहीत रकाने होते. माणसाचं नाव, तेव्हाचं वय, पाहिलेलं की ऐकलेलं, जागा कुठली. शेवटच्या रकान्यात एक, दोन किंवा तीन. एक म्हणजे भरवशाचा साक्षीदार. तीन म्हणजे याचं धरू नये. दारुड्या ओद्दुरला तीन. चर्चमधल्या जुन्या वहीला एक. माझ्या नावापुढे त्यानं एक लिहिला होता. तो शेगडीपाशी कप भरायला उठला तेव्हा मी मान वाकडी करून बघितला.



आता ऐका. सत्तेचाळीस सालच्या फेब्रुवारीत घळीतून लोंढा आला होता. मी अकरा वर्षांची. तेव्हा वरची आळी नव्हतीच, सगळं माझ्या बापाचं कुरण. घर नाही, गोठा नाही, कुणी मेलं नाही, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पाद्रीबाबांनी वहीत एक ओळ लिहिली, की घळीतून बर्फ आलं, गडगा मोडला, माणसं-जनावरं सुखरूप. झालं.

पण वसंतात बर्फ उतरल्यावर बघितलं, तर कुरणभर दगड! बर्फानं वरून वाहून आणलेले, ताज्या फुटक्या कडांचे. दगडांत विळा चालायचा नाही, आणि गवत नाही म्हणजे हिवाळ्यात मेंढरं उपाशी. आमच्याकडे कुरण वेचल्याशिवाय वसंत संपत नाही. पहिला कोंब दिसायच्या आत शेवटचा खडा उचलला गेला पाहिजे, नाहीतर शेजारी नावं ठेवतात. बापानं आम्हा पोरांना कामाला लावलं. मी, गेस्तुर आणि हाल्लबेरा. घोडा आणि लाकडी घसरगाडी. दगड समुद्राकडे न्यायचे नव्हते, कारण गडगा मोडला होता आणि मेंढरं आत शिरत होती. तेव्हा सगळे दगड वर न्यायचे आणि गडगा परत रचायचा. एका फेरीला खडीसाखरेचा एक खडा. पंधरा दिवस आम्ही बर्फानं खाली आणलेला डोंगर परत वर चढवत होतो. जे गडग्यात मावले नाहीत ते गडग्याच्या वरच्या अंगाला ढीग लावून ठेवले. जूनमध्ये कुरण असं स्वच्छ, की बापानं पाद्रीबाबांना बोलावून दाखवलं.

पुढे साठच्या दशकात बापानं त्याच कुरणाचे तुकडे पाडून विकले. वरची आळी उभी राहिली. सगळ्यात वरचं घर गेस्तुरनं स्वतःसाठी बांधलं.

एबेनेसर पहिल्यांदा वही घेऊन माझ्याकडे येऊन गेला, त्याच संध्याकाळी मी गेस्तुरकडे गेले होते. तो जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तोंड शिवून बसायचं. रेघ रस्त्यावर आली तर सैउनचं घर मातीमोल. माझंही. प्लॉट आपल्या बापानं विकलेत, लोक आपल्या तोंडावर थुंकतील."

"पण पुन्हा आलं तर?"

"पन्नास वर्षांत आलंय? मग!"

मी गप्प बसले. तेरी भी चूप, मेरी भी चूप. आणि दर रविवारी पॅनकेक भाजत राहिले.

सहाव्या वर्षी उन्हाळ्यात रेक्याविकहून तज्ज्ञ आला. आर्न्थोर नाव, गोरागोमटा, कोराकरकरीत स्वेटर. आठ दिवस हिंडला आणि मग गावच्या सभागृहात बैठक लावली. महिला मंडळानं केक मांडले. बर्फाखाली आपली पोरं गाडली जातील की नाही हे ठरवायचं, आणि त्यावर साईचा केक! पण आम्ही असेच. कुणी मेलं तरी केक, कुणी जन्मलं तरी केक.

आर्न्थोरनं भिंतीवर नकाशा लावला. म्हणाला, "गणितानं दोन्ही शक्यता दाखवल्या. अशा वेळी जुन्या खुणा बघायच्या. बर्फानं आणलेले दगड गडग्यात आहेत, गडग्याच्या वर ढिगानं आहेत. गडग्याच्या खाली जमीन खणून बघितली, तिथे एकही नाही. चर्चची वही म्हणते, गडगा मोडला. म्हणजे लोंढा गडग्यापाशी थांबतो. मी आणखी तीस पावलं सोडून रेघ मारतोय."

आळीतलं पहिलं घर चाळीस पावलांवर, म्हणजे अख्खी आळी रेघेच्या खाली.

एबेनेसर उठला. टोपी हातात, थेंब नाकावर. "मी पुन्हा विचारतो. गडग्याच्या खाली बर्फ किंवा बर्फाचे दगड कुणी पाहिलेत का? कुणीही?"

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो माझ्याकडे बघत होता. माझ्या एका बाजूला गेस्तुर, दुसऱ्या बाजूला हाल्लबेरा. तिघंही केक चावतोय. तोंडात साय गोळा झाली होती, ती गिळवेना आणि थुंकवेना. समोरच्या रांगेत सैउन धाकटीला मांडीवर घेऊन बसलेली.

मी मान हलवली. नाही.

टाळ्या वाजल्या हो! लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेस्तुरनं आर्न्थोरला मिठी मारली. मी मागच्या दारानं बाहेर जाऊन भिंतीशी ओकले.

महिन्याभरानं, मंगळवारी, एबेनेसर दारात. रविवार नव्हे, मंगळवार. केस पाण्यानं चापून बसवलेले, हातात बेकरीचं खोकं. त्याला मी कधी हसताना बघितलं नव्हतं. दात पिवळे होते.

"मी घर घेतलं," तो म्हणाला. "मुलीचं तिकडे फिसकटलंय. तीन पोरं घेऊन यायचं म्हणतेय. माझ्या दोन खोल्यांत कशी मावणार? गेस्तुर रेक्याविकला चाललाय ना, त्याचं घर घेतलं. सह्यासुद्धा झाल्या."

"गेस्तुरचं? सगळ्यात वरचं?"

"हो. खरं सांगू का, आजवर वरच्या आळीत गेलो की मी सारखा माथ्याकडे बघायचो. गणित माझं ऐकायचं नाही. पण तू तेव्हा तिथे होतीस. अकरा वर्षांचं माणूस विसरत नाही. तू नाही म्हणालीस तर नाही. मुलीलाही मी तेच सांगितलं, की स्टेनवोर सांगते म्हणजे काळजी नको."

गेस्तुरनं त्याला घर विकलं. माझ्या सख्ख्या भावानं! ज्या हातांनी दगड चढवले त्याच हातांनी सही केली, आणि घेणारा कोण, तर ज्यानं सहा वर्षं त्या दगडांचा शोध घेतला तो. मेल्याला रात्री झोप कशी लागत असेल?

"एबेनेसर," त्याच्या हातात कॉफीचा कप देत मी म्हटलं, "ते दगड मी उचललेत."

"कुठले?"

"गडग्यातले. ते बर्फानं तिथे आणलेले नाहीत. आम्ही आणले, खालून, रस्त्यापासून. मी, गेस्तुर आणि हाल्लबेरानं."

तो थेंब कॉफीत पडला. एबेनेसरनं तीच कॉफी शेवटपर्यंत प्यायली, कप खाली ठेवला आणि विचारलं, "जागा दाखवशील?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मापाची फीत काढली आणि आम्ही निघालो. लोक खिडक्यांतून बघत होते. गडग्यापासून खाली आलो, गेस्तुरच्या घरावरून, सैउनच्या अंगणातून, मुलांच्या उड्या मारायच्या जाळीच्याही खाली. शेवटचा दगड वासराएवढा होता, गेस्तुरनं आणि मी पहारीनं उपटलेला. तिथल्या झऱ्यावरून जागा मला पक्की ठाऊक होती. झरा आता पाइपातून वाहतो, पण रस्त्याच्या अलीकडे दहा पावलांवर तोंड काढतोच. तिथे मी उभी राहिले. एबेनेसरनं खुंटी ठोकली, नळीतून माथ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गणित बरोबर होतं तर."

मग वही उघडली. सगळं लिहिलं, मला सही करायला लावली. शेवटच्या रकान्यातला जुना एक खोडला आणि तीन लिहिला.

"अरे! आता तर खरं बोलतेय मी!"

"माहीत आहे मला."

"मग तीन कशाला?"

"साक्षीदारानं शब्द फिरवला की जुनं-नवं दोन्ही तीन. धरायचं तर दुसऱ्या दोघांनी तेच सांगायला हवं. ओद्दुरला हाच नियम लावला, तुला वेगळा कसा लावू?"

असा माणूस! स्वतःचं घर बुडतंय आणि हा नियम सांगतोय. चीड आली मला. पण त्याच्या वहीत सहा वर्षं घाण कुणी भरली होती? मीच ना?

दोन साक्षीदार होतेच. हाल्लबेराकडे गेलो. ती मोज्याचे टाके मोजत बसली होती. "त्या वसंतात मला गोवर आला होता," ती म्हणाली. "मी अंथरुणात होते."

"गोवर! सगळ्यात जास्त खडीसाखर तू खाल्लीस गं! तुझी दाढ किडली त्यानं!"

"एबेनेसर, हिचं वय झालंय," ती त्याला हळूच म्हणाली. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे सटवी.

गेस्तुर खोकी बांधत होता. त्यानं आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. "म्हातारचळ लागलाय तुला. आणि एबेनेसर, सही झालीय, आता मागे फिरता येणार नाही." एवढ्यावर थांबला नाही तो. आर्न्थोरला फोन करून त्यानं सांगितलं, की घर बहिणीला न देता परक्याला विकलं म्हणून ती चिडली आहे, सूड उगवतेय. एबेनेसरनं वहीतलं पान आर्न्थोरला पाठवलं होतं, पंधरा दिवसांत तिकडून पत्र आलं. साक्षीदार बाई भरवशाची नसल्याची नोंद स्थानिक निरीक्षकानंच केली आहे, शिवाय घरातला वाद आहे, सबब रेघ कायम.

मी ते पत्र सैउनच्या टेबलावर ठेवलं. तिनं वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

"सहा वर्षं नाही म्हणालीस. आता हो म्हणतेस. मी कुठल्या आईचं ऐकू?"

"या आईचं ऐक. मुलांना घेऊन खाली माझ्याकडे चल. निदान हिवाळ्यापुरती."

"तुझ्या दीड खोलीत? आणि अख्खी आळी राहतेय ती वेडी आहे का? कशाला भरवतेस हे माझ्या डोक्यात? नवरा समुद्रावर, त्याची भीती मला पुरे नाही का?" आणि मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला.

एबेनेसर त्या घरात गेला नाही. मुलगी आली, तीन पोरं आली, आणि सगळे त्या समुद्रकाठच्या दोन खोल्यांत कोंबून राहतात. "विकून टाक," मी त्याला बंदरावर म्हटलं.

"कुणाला? जिथे माझ्या नातवंडांना झोपवणार नाही तिथे दुसऱ्याची कशी झोपवू?"

गेस्तुरला हे सुचलं नाही. मलाही सहा वर्षं सुचलं नाही. एबेनेसर रविवारचा येत नाही आता. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावतो, पुढे जातो. त्याच्या जागी मी असते तर थुंकले असते.

परवापासून ईशान्येचा वारा सुटलाय. हाच वारा कड्यामागचं बर्फ उचलून घळीच्या माथ्यावर आणून रचतो. आज सकाळी एबेनेसर खांब वाचून आला आणि वरच्या आळीत दारोदार फिरला. "रेघ राहू द्या बाजूला, आजची रात्र खाली चला." लोकांनी त्याला रेघ दाखवली. एकानं तर त्याच्या तोंडावर दार लावलं. सैउननं त्याला कॉफी दिली, पण हलली नाही.

दुपारी मी माझी गादी आणि उशी घेऊन तिच्या दारात गेले. तिला वाटलं, आई समेट करायला आली. तिचा चेहरा एवढा फुलला की मला खाली बघावं लागलं. मुलांचे पलंग डोंगराकडच्या खोलीत होते. मी ते ओढत ओढत समुद्राकडच्या खोलीत नेले, भिंतीला अगदी चिकटवून, आणि माझी गादी डोंगराकडच्या खिडकीखाली टाकली.

"आजी, तिथे खूप गार असतं," धाकटी म्हणाली. "आमच्याजवळ झोप ना."

"मला गारच आवडतं गं," मी म्हटलं. तिनं लगेच विश्वास ठेवला.